माळ्यावर सापडलेली जुनी लोखंडी वस्तू नेमकी कशाची, ते कसं ओळखायचं

मागच्या दिवाळीआधी आईच्या माहेरचं घर उतरवायला काढलं, संकेश्वरच्या पुढं आहे गाव, आणि माळ्यावरनं एक लोखंडी वस्तू खाली आली जी तिथं जमलेल्या सहा माणसांपैकी एकालाही ओळखता आली नाही. वितीएवढं गोल कडं, त्यात अडकवलेले अकरा आकडे, प्रत्येक आकडा सुटा हलणारा, आणि वर तीन आखूड साखळ्या एका जाड कडीत येऊन मिळालेल्या. मामा म्हणाले मटण टांगायचं असणार, मामेभाऊ म्हणाला शिकारीचं काहीतरी, एकजण तर म्हणाला जुन्या काळात शिक्षा द्यायचं हत्यार आहे हे. फोनवर फोटो टाकून शोधलं तर झुंबर म्हणून उत्तर आलं. भंगारवाला खाली टेम्पो घेऊन उभाच होता, किलोवर घेऊन जातो म्हणायला लागला.

मी दिलं नाही. आपल्याकडं सध्या गावोगावी जुनी घरं उतरवायला लागलेत आणि अशा शेकडो वस्तू नाव न कळताच वितळायला जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून ती वस्तू कशी ओळखली ते सांगतो, आणि त्याबरोबर इतक्या वर्षांत लोहारांकडनं, बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांकडनं आणि म्हाताऱ्या माणसांकडनं जे शिकलो तेही सांगतो, म्हणजे तुमच्या हातात असं काही आलं तर कुठनं सुरुवात करायची ते कळेल.

सगळ्यात आधी, घासू नका. वायरब्रश नको, पॉलिश पेपर नको, ॲसिड तर अजिबात नको. मी ही चूक केलेली आहे. काही वर्षांपूर्वी नांगराचा एक ओतीव भाग मिळाला होता, त्यावर गंजाखाली उठावाची अक्षरं होती, मी हौसेनं एका वर्कशॉपमध्ये नेऊन वायरब्रशच्या चाकाखाली धरला आणि दोन मिनिटांत शेवटची दोन अक्षरं सोडून बाकी सगळी सपाट झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात, तिथंच पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर सुरू झाले, आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. माझ्या हातातला तो तुकडा त्यांचा होता का दुसऱ्या कुणाचा, बेळगावातला होता का वाडीचा, हे त्या अक्षरांवरनं कळलं असतं. आता कधीच कळणार नाही.

तर मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा जुना ब्रश चालतो, आणि कोरडी माती तेवढी झाडा. मग अंधाऱ्या खोलीत न्या आणि टॉर्च समोरनं न मारता एकदम बाजूनं, वस्तूला जवळजवळ टेकवून मारा. सावली पडते आणि दिवसा न दिसलेली अक्षरं वर येतात. तरी नाही दिसली तर खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवा, नाहीतर पातळ कागद ठेवून वरनं पेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. फोटो काढताना शेजारी टेप ठेवा, चारी बाजूंनी काढा, खालचा भाग विसरू नका, कारण शिक्के बरेचदा खालीच असतात.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. बेळगाव लष्करी गाव आहे, कॅम्प आहे, आजूबाजूला किल्ले आहेत. शेतात किंवा माळावर गोल जड गोळा मिळाला, किंवा टोक निमुळतं असलेलं नळकांडं, मागं पात्यासारखे पंख असलेलं, तर हात लावायचा नाही, हलवायचं नाही, हातोडीनं वाजवून बघायचं तर अजिबात नाही. लांब जायचं आणि ११२ ला फोन करायचा. तोफेचा गोळा भरीव असतो असं लोक म्हणतात, पण पोकळ, आत दारू भरलेले गोळेही असायचे आणि गंज चढल्यावर बाहेरनं दोन्ही सारखेच दिसतात. आणि गंजलेलं काही हाताळताना कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, चालढकल करू नका.

आता लोखंड कुठलं ते बघायचं. ओतीव म्हणजे बीड, का लोहारानं ठोकून केलेलं घडीव, का कारखान्यातनं आलेलं पोलाद. बिडाची वस्तू जाड असते, कोपरे गोलसर, आणि कडेनं कुठंतरी एक बारीक उंचवट्याची रेघ जाते, साच्याचे दोन भाग जिथं मिळाले ती शिवण. अक्षरं असली तर बहुतेक उठावाची असतात. बीड वाकत नाही, मोडतं, आणि मोडलेल्या जागी करडे दाणे दिसतात. दोरीनं टांगून छोट्या हातोडीनं हलकं वाजवलं तर बद्द असा आवाज येतो, दोशाचा बिडाचा तवा वाजवून बघा म्हणजे कान तयार होईल. घडीव वस्तू टण्णकन वाजते आणि आवाज थोडा वेळ राहतो. घडीव वस्तूची जाडी सगळीकडं सारखी नसते, टोकं निमुळती होत जातात, हातोड्याचे चपटे ठसे दिसतात, आणि कडं असेल तर एका जागी दोन टोकं एकमेकांवर चढवून तापवून ठोकलेला सांधा सापडतो. जुनं घडीव लोखंड खोलवर गंजलं की लाकडासारख्या उभ्या रेषा पडतात, ते एकदा बघितलं की विसरत नाही. उद्यमबागेतली जाणकार माणसं ठिणगीवरनंही सांगतात, बिडाची ठिणगी आखूड आणि लालसर, साध्या लोखंडाची लांब पिवळसर, आणि कडक पोलादाची पांढरी, फुटून फांद्या फुटल्यासारखी. पण त्यासाठी ग्राइंडर लावावा लागतो, त्यामुळं मोडका तुकडा असेल तरच करा, अख्ख्या वस्तूला लावू नका.

सांधे बघा. वेल्डिंगचा गुळगुळीत ओघळ असेल आणि ते मूळ कामच असेल, नंतरची दुरुस्ती नसेल, तर वस्तू फार जुनी नाही. रिबिट असतील तर जुनी असू शकते. अधिकच्या खुणेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला, म्हणजे मूळ स्क्रू तसा असेल तर त्याआधीची वस्तू नाही. चौकोनी नट जुने. नटाला एमएमचा पाना नीट बसत नसेल आणि इंची पाना बसत असेल तर दशमान पद्धतीच्या आधीचा माल असायची शक्यता बरीच. पट्टीची जाडी मोजा, बरोबर अर्धा इंच, पाऊण इंच अशी येत असेल तर कारखान्यातली पट्टी, प्रत्येक जागी वेगळी येत असेल तर लोहाराचा हात.

गंजावरनं वय ठरवू नका, त्यात आपल्या जिल्ह्यात फार फसगत होते. कणकुंबी, जांबोटीकडं जो पाऊस पडतो त्यात बाहेर पडलेली वीस वर्षांची कुदळ शंभर वर्षांची दिसते आणि अथणीकडच्या कोरड्या हवेत आजोबांची पहार कालच आणल्यासारखी. चुलीवरच्या माळ्यावर असलेली वस्तू तर धुरानं काळी आणि टिकाऊ होते. म्हणून सापडली कुठं, हे लिहून ठेवणं वयापेक्षा महत्त्वाचं आहे, माळ्यावर, गोठ्यात, विहिरीजवळ, का भिंतीत गाडलेली, कारण भंगाराच्या ढिगात गेली की ही माहिती संपली.

अक्षरं सापडली तर निम्मं काम झालं. आमच्या लाइनवर लोंढा, खानापूर, घटप्रभा अशा गावात रेल्वेचे लोखंडी तुकडे बरेच निघतात, मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली तेव्हा पुष्कळ जुना माल निघाला. त्यावर इंग्रजीत एसएमआर असेल तर ती सदर्न मराठा रेल्वे, १९०८ च्या आधीची. एम अँड एसएम असेल तर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १९०८ ते १९५१. त्यानंतर सदर्न रेल्वे झाली. रुळाच्या बाजूवर कारखान्याचं नाव, साल आणि एका यार्डाला किती पौंड ते वजन असतं, साल सरळ वाचता येतं. टिस्को असेल तर टाटांच्या कारखान्याचं, जमशेदपूरचं, तिथलं पोलाद १९१२ पासून निघायला लागलं. मेड इन वेस्ट जर्मनी असेल तर १९४९ ते १९९० मधलंच, कारण तो देशच तेवढी वर्षं होता. आणि रेल्वेचा माल घरात आला कसा हे माहीत नसेल तर विकायला काढू नका, त्यावर १९६६ चा वेगळा कायदा आहे.

अक्षरं नसलेला नुसता जड ठोकळा असेल, सहा कोनी, गोल, वर मूठ असलेला नाहीतर नसलेला, तर वजन करा. ही युक्ती मला फार आवडते. किचनचा डिजिटल काटा पुरे. ९३३ ग्रॅमच्या आसपास आलं तर शेर, ४६६ आलं तर अच्छेर म्हणजे अर्धा शेर, २३३ आलं तर पावशेर, ५८ आलं तर छटाक. सरकारी शेर ८० तोळ्यांचा आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यावरनं हे आकडे येतात. ४५४ आलं तर मात्र इंग्रजी पौंड असू शकतो, आणि अच्छेर आणि पौंड यात फरक फक्त १२ ग्रॅमचा, झिजलेला अच्छेर पौंडासारखा भासतो, म्हणून घाई करू नका. खाली उलटं करून बघा, एक खळगा असतो आणि त्यात शिसं भरलेलं असतं, वजन बरोबर करायला भरलेलं, त्या मऊ शिशावरच तपासणीचे शिक्के मारलेले असतात. शिसं दिसलं की समजायचं हे तराजूचं वजन. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, त्यानंतर काही वर्षांत शेर, पावशेर दुकानातनं गेले आणि कुणाच्या दाराला अडसर म्हणून, कुणाच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून राहिले. सरकारी शेरापेक्षा वेगळे गावठी शेरही चालायचे, त्यामुळं आकडा थोडा इकडं तिकडं झाला तरी शिसं बघा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, झीज. वस्तू काय होती हे ती बनवली कशी यापेक्षा ती झिजली कुठं यावरनं जास्त कळतं. हात लागत होता ती जागा गुळगुळीत आणि काळी असते, गंजातसुद्धा वेगळी कळते. दोर लागत होता तिथं गोल खोबणी पडते. लोखंडावर लोखंड घासत होतं तिथं कडी एका बाजूला पातळ झालेली असते. माती लागत होती तिथं टोक बोथट आणि एकच बाजू जास्त खाल्लेली, वखराची पास, कुरीचं फण, खुरपं, सगळ्यांत हे दिसतं. आगीत राहिलेल्या लोखंडाचे पापुद्रे निघतात.

एक उदाहरण सांगतो. शेतात चपटी, भल्या मोठ्या वालाच्या दाण्यासारखी वाकलेली लोखंडी पट्टी सापडते, दोन बोटं रुंद, एका कडेला तीन-चार भोकं. लोक म्हणतात घोड्याचा अर्धा मोडलेला नाल. पण दोन्ही टोकं नीट घडवून गोल केलेली असतात, मोडल्याची खूण कुठंच नसते. ती बैलाची पत्री. घोड्याचा खूर अख्खा म्हणून नाल एक, बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन पत्र्या. हातात घेऊन बघा, जमिनीकडची बाजू आरशासारखी झिजलेली असते आणि पायाकडची बाजू खडबडीत, भोकं बाहेरच्या कडेला असतात कारण खिळा खुराच्या कवचात जायला पाहिजे, आत जिवंत भागात गेला तर बैल लंगडतो. बघा, एवढ्याशा पट्टीत किती काय लिहिलेलं असतं.

तर आमची ती अकरा आकड्यांची वस्तू. शिवण नाही, अक्षरं नाहीत, कड्याला ठोकून केलेला सांधा, आकडे एकसारखे नाहीत, म्हणजे गावच्या लोहाराचं काम. मग झीज बघितली. आकड्यांची टोकं धारदार नव्हती, मुद्दाम बोथट आणि आत वळवलेली, म्हणजे मांस टोचायला नव्हेत, कशाला तरी अडकायला होते. वरच्या जाड कडीच्या आत दोराची खोबणी होती, बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत, म्हणजे ही वस्तू खिळ्याला टांगलेली नव्हती, दोराला बांधून वापरात होती, आणि बरीच वर्षं. काजळी नाही, मेण नाही, तेल नाही, म्हणजे झुंबर नाही. आणि आकड्यांवर पांढरट कडक थर होता. त्यावर लिंबाचा रस थेंबभर टाकला तर बारीक बुडबुडे आले, म्हणजे चुन्याचे क्षार, कठीण पाण्याचे, बंबाच्या आत बसतो तसला थर. दोर, पाणी, अडकवायचे आकडे. इथवर आल्यावर मला अंदाज आला होता पण नाव माहीत नव्हतं, आणि नाव कळल्याशिवाय वस्तू ओळखली असं मी म्हणत नाही.

नावासाठी माणसांकडंच जावं लागतं. आणि आपल्या सीमाभागात एक करायचंच, दोन्ही भाषांत विचारायचं. आपल्या घरात मराठीत जे नाव विसरलेलं असतं ते शेजारच्या कन्नड घरात जिवंत असतं, आणि उलटंही होतं. लोहाराला विचारा, कम्माराला म्हणजे कन्नड लोहाराला विचारा, सुताराला, बडिगेराला म्हणजे कन्नड सुताराला, आणि विचारताना फोटो दाखवू नका, वस्तू हातात द्या. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या हातात वस्तू गेली की हात आपोआप ती जशी धरायची तशी धरतो, तेच बघायचं. "हे काय आहे" असं विचारण्यापेक्षा "हे कशाला लागत होतं, कुठं ठेवायचा" असं विचारलं तर जास्त निघतं. आणि स्वतःचा अंदाज आधी बोलून दाखवायचा नाही, माणसं मान राखायला हो म्हणतात.

पलीकडच्या गल्लीत एक अव्वा आहेत, नव्वदीच्या आसपास, घरात कन्नड, बाजारात मराठी. त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वरची कडी उजव्या हातात धरली, उचलून थोडी गोल फिरवली, आकडे खळखळ वाजले, आणि म्हणाल्या, "इदु पाताळगरडी अल्लेन? तुमी गळ म्हणत न्हवता व्हय?" विहिरीत पडलेली घागर, कळशी, पोहरा काढायचा गळ. मग त्या सांगतच गेल्या. अख्ख्या गल्लीत एकच होता, आमच्या आजीच्या घरी, आणि न्यायचा असेल तर एक तांब्या ठेवून जायचा, गळ परत आणला की तांब्या परत. दोर सोडत न्यायचा, तळाला लागला की आवाज बदलतो, मग वितभर वर घेऊन कडेकडेनं गोल फिरवायचा, अजिबात झटका द्यायचा नाही. आकडा घागरीच्या गळ्यात बसला की दोराला वजन लागतं. आकडे जास्त असतात ते याच्यासाठी, घागर तळाला कशीही पडलेली असो, एखादा तरी लागतो, आणि सुटे हलतात म्हणून घागर चेपत नाही. मामा शेजारीच बसले होते, त्यांना तेव्हा आठवलं, लहानपणी त्यांनी स्वतः तो दोर धरला होता. नळ आला, मोटर बसली, आणि साठ वर्षांत ते डोक्यातनं पुसलं गेलं होतं.

ओळख पटल्यावर मग स्वच्छ करा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, माती आणि सुटा गंज सुटतो, मऊ ब्रशनं काढा. तांबडा भुकटीसारखा गंज जाऊ दे, पण खालचा काळा घट्ट थर राहू दे, तो लोखंडाला राखतो. फारच गंज असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढतात, वस्तूला ऋण टोक, धन टोकाला साधा भंगार लोखंडी पत्रा, स्टेनलेस स्टील कधीच नाही कारण त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हे उघड्यावरच करायचं, हायड्रोजन निघतो, जवळ विडी काडी नको. नंतर उन्हात खडखडीत वाळवा आणि जवसाचं तेल अगदी पातळ हातानं चोळा, ते सुकून घट्ट बसतं. खोबरेल लावू नका, चिकट राहतं आणि धूळ धरतं.

विकायचा विचार असेल तर एक माहिती असू दे, शंभर वर्षांपेक्षा जुनी, इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीनं मोलाची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरातन वस्तू धरली जाते, ती परदेशी पाठवता येत नाही. आणि जमीन खणताना पुरलेलं काही मौल्यवान निघालं तर डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, कळवावं लागतं. घरातला गळ, पत्री, पावशेर यांची काळजी करायचं कारण नाही, पण शेतात तलवारीचं पातं किंवा तोफेचा तुकडा निघाला तर गुपचूप विकू नका.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे आणि तेच लोक करत नाहीत. जाड कागदावर पेन्सिलीनं लिहा, शाईनं नाही, शाई ओल लागली की पसरते, आणि सुतळीनं वस्तूला बांधून ठेवा. आमच्या गळाला बांधलंय ते असं: गळ, कन्नडमध्ये पाताळगरडी. विहिरीत पडलेली भांडी काढायला. आजीच्या घरच्या माळ्यावर, चुलीच्या बाजूला सापडला. नाव सांगितलं पलीकडच्या गल्लीतल्या अव्वांनी.